उद्यमनगरात शिडाची बोट

आमची ‘स्वाती’ विजयदुर्गला वाघोटन खाडीच्या काठावर उभी आहे आणि तिची निम्मी तयारी इथं कोल्हापुरात चालू आहे. सव्वीस फुटांची, फायबरची, एका डोलकाठीची शिडाची बोट. बांधणी १९८० च्या दशकातली. मी आणि माझा आतेभाऊ, दोघांनी मिळून ती मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतली आणि तेव्हापासून आमचा पावसाळा ठरून गेला आहे. १ जूनला मासेमारी बंद होते, तेव्हा खाडीतल्या होड्यांबरोबर तीही वर काढायची, झाप आणि ताडपत्री घालून शाकारायची आणि सुटं होईल ते सगळं टेम्पोत भरून करूळच्या घाटानं, गगनबावड्यावरून कोल्हापूरला आणायचं. तारा, शिडं, दोर, इंजिनाचा पाण्याचा पंप, व्हॉल्व्ह, लाइफ जॅकेटं. डोलकाठी तेवढी खालीच राहते, कारण ती घाटाच्या वळणांत बसत नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं घरात आणि बाहेर सगळे विचारतात. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. धातूतला तडा शोधणं, कास्टिंगमध्ये लपलेली पोकळी शोधणं, केमिस्ट्री बरोबर आहे की नाही बघणं, यात माझी वर्षं गेली. जुन्या बोटीचं दुखणं नेमकं याच जातीचं असतं. फायबरचं अंग चाळीस वर्षं सहज टिकतं. त्याला बांधलेला, त्यातून आरपार गेलेला, सीलंटखाली दडलेला धातू मात्र आतून जात राहतो आणि वरून चकचकीत दिसतो. म्हणून माझा क्रम पक्का आहे. आधी झाकलेलं उघडायचं. पॉलिश सगळ्यात शेवटी, तेही पैसे उरले तर.

आता डोलकाठीच्या तारांचं. काठी उभी राहते ती या तारांच्या ताणावर: पुढं एक, मागं एक, दोन्ही अंगांना दोन दोन. आमच्या तारा पाच मिलिमीटरच्या, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, १×१९ जातीच्या आहेत, म्हणजे एकोणीस काड्यांचा एक पीळ. अशी एक तार दीड टनाच्या वर भार घेते. ती मधे सहसा तुटत नाही. तुटते टोकाला, जिथं टर्मिनलमध्ये दाबून बसवलेली असते, आणि त्यातही खालच्या टोकाला, कारण खारं पाणी ओघळत येऊन तिथंच मुरतं. दहा-बारा वर्षांनी तारा बदलाव्यात असा बोटवाल्यांचा सर्वसाधारण नियम आहे, मग त्या दिसायला कितीही चांगल्या असोत. आमच्या अजून त्या मुदतीच्या आत आहेत, तरी दर वर्षी मी प्रत्येक तारेवरून जुन्या धोतराचा तुकडा ओढते. काडी तुटलेली असेल तर कापड अडकतं. उघडा हात फिरवायचा नाही, तुटलेली काडी बोट उभं चिरते.

यंदा तारा चांगल्या निघाल्या. घोळ निघाला चेनप्लेटमध्ये. तारेचा खालचा शेवट ज्या पट्टीला अडकतो ती ही पट्टी. ती डेकमधून खाली जाते आणि आत बोल्टांनी आवळलेली असते. डेकच्या जाडीतला तिचा दीड-दोन इंचांचा भाग कुणालाच दिसत नाही. वरून सीलंट, खालून लाकूड. स्टेनलेस गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. ओरखडा उठला तरी हवेतला ऑक्सिजन मिळून तो पापुद्रा पुन्हा धरतो. पण जिथं खारं पाणी शिरलं आणि हवा शिरत नाही, तिथं तो धरत नाही. मग धातू बारीक भोकाभोकांनी आत पोखरला जातो आणि त्या भोकातून तडा सुरू होतो. वर उरलेला भाग आरशासारखा लखलखीत असतो, हे यातलं वाईट.

मी सगळ्या चेनप्लेट काढून आणल्या आणि उद्यमनगरातल्या, म्हणजे इथल्या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, आमच्या नेहमीच्या टर्नरच्या टेबलावर मांडल्या. डाय पेनेट्रंटचे तीन डबे बरोबर होते. ज्यांनी ही तपासणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी क्लीनरनं तेलकटपणा पूर्ण काढायचा. मग लाल डाय मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात तो केसाएवढ्या तड्यातही शिरतो. नंतर क्लीनर फडक्यावर घेऊन पृष्ठभाग पुसायचा. क्लीनर थेट पट्टीवर मारला तर तड्यातला डायही धुऊन निघतो, ही चूक कारखान्यांतही सर्रास होते. शेवटी पांढरा डेव्हलपर मारायचा, तो सुकून खडूच्या भुकटीसारखा बसतो आणि आत अडकलेला लाल रंग बाहेर ओढून घेतो.

टर्नर मामा चहाचा कप धरून उभे होते. “ताई, काय न्हाई त्यात. आरसा हाय आरसा.” पाच पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. सहाव्या पट्टीवर, डाव्या अंगाच्या खालच्या तारेच्या, डेकच्या बरोबर पातळीत आधी एक लाल ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता दोन्ही जुळून पट्टीच्या निम्म्या रुंदीएवढी रेघ झाली. मामांनी कप खाली ठेवला. “बाबो! ह्यो तर अर्धा गेलाय.”

हीच पट्टी गेल्या मोसमात मालवणहून परत येताना, दुपारच्या वाऱ्यात बोट उजव्या अंगावर कलली होती तेव्हा, सगळा ताण घेत होती. ती सुटली असती तर काठी उजव्या अंगाला पडली असती. आतेभावाला फोटो पाठवला, तर तो लगेच म्हणाला की सहाच्या सहा बदलू. मला तेच करायचं होतं. एकाच वयाच्या, एकाच पाण्यात मुरलेल्या पट्ट्या आहेत त्या. पाचांत आज तडा नाही याचा अर्थ एवढाच की आज नाही.

नव्या पट्ट्या करताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. पहिली, मटेरियल. दुकानात ३१६ म्हणून मिळालेली पट्टी तशीच घ्यायची नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते मुद्दाम घातलेलं नसतं, आणि खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो या दोन टक्क्यांचा. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. आमच्या लॅबमध्ये साहेबांची परवानगी घेऊन धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर स्पार्क मारला आणि मॉलिब्डेनम दोनच्या वर दिसल्यावरच पट्टी कापायला दिली. दुसरी गोष्ट ग्राइंडिंगची. ज्या चाकावर दिवसभर साधं लोखंड घासलंय त्याच चाकावर स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच महिन्यात तपकिरी डाग फुटतात. मग लोक म्हणतात स्टेनलेस बोगस होतं. मामांना नवीन चाक आणून दिलं आणि ते फक्त या कामापुरतं वेगळं ठेवायला सांगितलं. त्यांनी पट्टीची जाडी सहाची आठ मिलिमीटर केली, भोकं पंच न करता ड्रिल केली, कडा गोल केल्या आणि शेवटी बफ मारून पृष्ठभाग असा आणला की बोट फिरवलं तर कुठं खर लागत नाही. तो गुळगुळीतपणा दिसण्यासाठी नको आहे. मीठ धरून बसायला जागाच मिळू नये, म्हणून हवा.

दुसरं मोठं काम गनमेटलचं, म्हणजे ब्राँझच्याच एका जातीचं. बोटीच्या तळात पाण्याखाली भोकं असतात: इंजिनाला थंड पाणी घ्यायला एक, सिंकचं पाणी बाहेर सोडायला एक, संडासाची दोन. प्रत्येक भोकात एक फिटिंग आणि त्यावर व्हॉल्व्ह. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर असलेलं दीड इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं. घरावरची हजार लिटरची टाकी दहा मिनिटांच्या आत भरेल एवढं. सव्वीस फुटी बोटीत हातपंप मारून ते आवरत नाही.

आधीच्या मालकांनी इंजिनाच्या भोकावरचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, बदलून घेतला होता आणि बिलावर ब्राँझ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी चाकूच्या टोकानं खरवडून पाहिलं. आतून पिवळा निघायला हवा होता, निघाला गुलाबी. हातोडीनं हलकं टिचकवलं तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज. म्हणजे ते पितळ होतं. साध्या पितळेत चाळीस टक्क्यांपर्यंत जस्त असतं. समुद्राच्या पाण्यात हे जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि मागं राहतो तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, आटे तेच, ताकद शून्य. ज्यानं कुणी ते ब्राँझ म्हणून विकलं त्याला हा फरक माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. नळाच्या पाण्यावर ते पितळ वीस वर्षं चाललं असतं. बोटीच्या तळात ते माणसांच्या जिवावर बेतणारं आहे.

कोल्हापूरचं मला कौतुक वाटतं ते अशा वेळी. मुंबईहून फिटिंग मागवायचं म्हटलं तर माप जुळत नाही, किंमत डोळे पांढरे करणारी. इथं पॅटर्नवाल्या काकांकडे जुना एल्बो घेऊन गेले. त्यांनी तो हातात फिरवला, कॅलिपर लावलं, थंड होताना धातू आटतो म्हणून मापं किंचित वाढवून सागवानी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, कोरला आणि उद्यमनगरातल्याच एका छोट्या नॉनफेरस भट्टीत त्यावरून एल्बो ओतला. मिश्रण ८५-५-५-५: तांबं पंच्याऐंशी टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच. मी ओतताना उभी राहिले होते. रस साधारण अकराशे-बाराशे अंशांवर ओततात आणि जस्त जळून पांढरा धूर निघतो, त्या धुराचा अंदाज घेऊन भट्टीवाले दादा बोलत होते, “घाई न्हाई करायची ताई, वायू धरला की आतनं जाळी पडती.” दोन नग ओतून घेतले. मशीनिंगनंतर दोन्हींना पाण्यात बुडवून पाच बार हवेचा दाब दिला. एकातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, तो बाद. दुसरा गप्प राहिला. तोच बोटीत जाणार.

इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल. नोझल कॅलिब्रेशनला गेले आहेत, ट्रॅक्टरचं काम करणाऱ्याकडे, त्याला ते रोजचंच आहे. दोन्ही फिल्टर आणि ऑइल बदलायचं, डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी काढायचं. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पावसाळ्याआधीच काढून ठेवते, कारण महिनोन्महिने एका जागी दाबून राहिला की त्याची पाती तशीच वाकून बसतात. काढताना पाती मोजायची. एखादी कमी भरली तर ती पुढं पाइपात किंवा हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन अडकलेली असते, तिला शोधून काढल्याशिवाय पुढचं काम नाही.

पंख्याचा शाफ्ट जिथं तळातून बाहेर पडतो तिथली पाणी अडवणारी ग्लँड दोरी मात्र मी स्वतः भरते. पंचगंगेच्या काठावर मोटारीनं उसाला पाणी देणाऱ्या कुणालाही हे काम येतं. वेढे तिरके कापायचे, प्रत्येकाचा जोड आधीच्यापासून फिरवून बसवायचा आणि नट फार आवळायचा नाही. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब गळलेच पाहिजेत, ते थेंबच शाफ्टला थंड ठेवतात. कोरडी ठाक ग्लँड बघून खूश होणारे लोक शाफ्ट जाळून घेतात.

शिडं पसरायला जागा लागते. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे मावसबहिणीच्या ओळखीतलं एक मंगल कार्यालय मिळालं. स्वच्छ झाडलेल्या फरशीवर मोठं शीड अंथरलं आणि दोघी गुडघ्यांवर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक शिवण नखानं खरवडत गेलो. कापडाच्या आधी दोरा जातो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो कुजतो आणि नखाला चिवटपणे विरोध न करता पटकन तुटतो. मागच्या कडेच्या वरच्या तीन शिवणी अशाच गेल्या होत्या. त्या मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दादांकडून जाड पॉलिस्टर दोऱ्यानं, झिगझॅग टाक्यात नव्यानं मारून घेतल्या. मावसबहीण बोटीत कधीच बसलेली नाही, तिला पाण्याची भीती वाटते. पण पिशवीत घडी घालताना ती म्हणाली की एवढं मोठं कापड वाऱ्यानं भरलेलं तिला एकदा काठावरून बघायचंय. तिला नेणार आहे.

शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात कडी असते, तिच्याभोवतीचं कापड घासून झिजतं. तिथं मी कातडं लावून घेतलं, चप्पल लाइनमधल्या एका कारागिराकडून. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यात तेल मुरवलं की ते पाण्याला आणि घासण्याला चांगलं तोंड देतं. त्यांना आधी पटेना. “पायात घालायचं न्हाई, मग येवढं जाड कशाला वो?” मी कडीवर किती ओढ येते ते हातानं खेचून दाखवलं. मग त्यांनी स्वतःच दुहेरी घेतलं, कडा तासून पातळ केल्या आणि आरीनं भोकं पाडून असा टाका घातला की दोरा कातड्याच्या अंगात बुडून गेला. घासला जाईल असा वर कुठं राहिलाच नाही. शिडाच्या कुठल्याही दुकानात इतकं नेटकं काम मी पाहिलेलं नाही.

खाली विजयदुर्गात तळाचं काम आहे. कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, बिडाची आहे, नऊशे किलोंच्या आसपास. बीड म्हणजे आमच्या घरचा धातू, त्याची मला चिंता नाही. गंजाचे पापुद्रे छिणून, घासून पांढरं केलं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा, कारण खाडीकाठच्या हवेत रात्रभरात त्यावर तांबूस झाक येते. कील आणि तळ जिथं जुळतात त्या रेषेवर पुढच्या बाजूला चीर दिसते का ते बोट वर काढली तेव्हाच पाहून घेतलंय, नाही. फायबरवर काही फोड आहेत. त्यातला एक फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, म्हणजे पाणी रेझिनमध्ये शिरलंय. एवढ्यानं बोट बुडत नाही, पण फोड उघडून, गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण सुकवून भरावे लागतात, आणि सुकणं हेच पावसाळ्यात होत नाही. त्यामुळे ते काम हस्ताचा पाऊस संपेपर्यंत थांबलंय. नंतर शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून अँटिफाउलिंगचे दोन हात. जस्ताच्या अॅनोडवर रंगाचा एक थेंबही पडू द्यायचा नाही. त्यानं झिजायचं असतं, म्हणजे शाफ्ट आणि पंखा वाचतात. रंगवलेला अॅनोड काहीच करत नाही.

सुरक्षेच्या सामानात तडजोड नाही. संकटात पेटवायच्या लाल फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आमचे यंदा संपले, नवे घेतले. लाइफ जॅकेटमधले गॅसचे सिलिंडर लॅबच्या काट्यावर ठेवून त्यांच्यावर छापलेल्या वजनाशी ताडून पाहिले. व्हीएचएफ रेडिओचा मदत मागायचा सोळा नंबरचा चॅनल आणि कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेणार आहे, कारण गडबडीच्या वेळी बोटीवर पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यालाही तो दिसला पाहिजे. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटी आपल्या गल्ल्यांतून फिरल्या आहेत आणि राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी इथं शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ आहे.

पाण्यात कधी उतरवायची, यावर खाडीकाठच्या तांडेल काकांशी फोनवर बोलणं चालू आहे. त्यांची स्वतःची होडी नारळी पौर्णिमेनंतरच सुरू झाली. बोटीसाठी मोठी भरती हवी, म्हणजे उधाण. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत एवढं पाणी वर येत नाही. “कोजागिरीचा उधाण मोठा आसता,” काका म्हणाले, “पण पावस जाऊक व्हयो. घाय करू नका.” मलाही घाई नाही. पावसाळा संपल्यावरचा अरबी समुद्र लगेच शांत होतो असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, दोन्ही कोकण किनाऱ्यानं सोसली आहेत. कोजागिरीला जमलं नाही तर दिवाळीच्या अमावास्येचं उधाण आहे. तोपर्यंत सकाळचे मतलई वारे सुरू होतात आणि दुपारी खारा वारा उत्तर-पश्चिमेकडून भरतो. तेवढ्यावर मालवण, पुढं वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत जाता येतं.

दसऱ्याच्या आत एवढं उरकायचंय: नोझल परत घेणं, एल्बोचे आटे पुन्हा एकदा व्हॉल्व्हवर चढवून बघणं आणि चेनप्लेटचे बोल्ट. बोल्टही ३१६ चेच, आणि तेही स्पेक्ट्रोवर तपासूनच. खंडेनवमीला उद्यमनगरात यंत्रांची पूजा होते, त्यानंतर दिवाळीपर्यंत मामांकडे कारखान्यांच्या कामाची रांग असते, आणि आमच्या कामासाठी त्यांनी ती मोडावी असं मी म्हणणार नाही. शनिवारी दुपारी बोल्ट घेऊन जाते आहे.